पाटीवाला

मंगळवारी तपासणी.
म्हणून शुक्रवारी खोकं आलं: एकोणतीस पाट्या,
निळ्यावर पिवळी अक्षरं, चकाकी अजिबात नाही,
खाली चित्र: पलंग, ताट-चमचा, कमोड.
सोबत कागद, मानक अमुक, कलम तमुक,
'रहिवाशाला आपली वाट आपली आपण सापडावी.'
मी ड्रिल चार्जिंगला लावलं.

वॉलरूच्या धक्क्यावर गव्हाची जहाजं भरत
तेव्हा या गावातली प्रत्येक पाटी क्लेम वारकोच्या हातची.
खाटीक, न्हावी, बँक, दोन्ही चर्चं,
आणि माझ्या बापाच्या गॅरेजवरचं आमचं आडनाव,
ज्यातलं एक अक्षर त्यानं चुकवलं.
अक्षर इतकं देखणं होतं की बापानं
पैसे न कापता आडनावच बदलून घेतलं.

आता क्लेम अकरा नंबरात असतो.
असतो म्हणजे, अकरा नंबर सापडला तर.
दारावर त्याचा फोटो होता, गेल्या नाताळातला.
तो रोज फोटोपाशी थांबायचा, आवाज खाली आणायचा,
'म्हाताऱ्याची खोली आहे, झोपू द्या त्याला,'
आणि पुढे निघून जायचा.
मारिसेलनं फोटो उतरवला
आणि काचेच्या पेटीत त्याचा ब्रश टांगला,
खारीच्या केसांचा, दांड्यावर अंगठ्याचा खळगा पडलेला.
त्यानंतर तो चुकला नाही.
फारसा नाही.

पहिली पाटी मी डोळ्यांच्या रेषेत धरली.
माझ्या डोळ्यांच्या.
मागे क्लेम. पायजमा ओला.
सकाळपासून ह्याच दारावरून तीनदा गेला होता.
'खाली घे.'
'किती?'
'पोरा, इथे वर कोण बघतं?
आम्ही जमीन बघत चालतो. पडायच्या भीतीनं.'
घेतली खाली. अजून. अजून थोडी.
मग अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला,
'एलच्या पोटात वारा शिरतोय. ई जवळ ओढ.'
छापील पाटी. ओढणार कशी?
मी दार उघडून दिवा लावला,
तेव्हा कुठे तो आत गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पाट्या लागल्या.
एका दाराला मात्र नाही.
त्यावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र डकवलेलं,
मीच, मार्च महिन्यात,
म्हणजे कुणाला ते दार वाटू नये.
पलीकडे बाग, ऑलिव्हचं झाड, फाटक,
मग रस्ता, मग समुद्र.
क्लेमनं कागदाच्या सांध्यावरून नख ओढलं.
'बुडबुडा राहिलाय. कुणाचं काम हे?'
मी स्क्रू मोजत राहिलो.
'दार चांगलं आहे,' तो म्हणाला,
'सांगत का नाही कुणाला?'

मंगळवारी ब्रॉड्रिकबाई आल्या, टेप घेऊन.
उंची बरोबर, रंग बरोबर, जमिनीवर झगमग नाही.
खुणा करत करत शेवटपर्यंत पोचल्या
आणि कपाटातलं एक पुस्तक काढायला हात घातला.
बोटं कागदावर आपटली.
मग वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या.
तेवढ्या एका ओळीत आम्ही नापास.

कागद खरवडायला दोन दिवस लागले,
फाटकाची कडी बसवायला एक तास.
पेटीतला ब्रश मी क्लेमच्या हातात दिला,
एक फळी, पिवळ्या रंगाचा डबा.
सहा अक्षरांतली तीन त्यानं काढली,
एकेका श्वासात एकेक फटकारा,
हात कापत होता तो फक्त डब्याकडे जाता-येता.
चौथ्यापाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं.
'काय लिहायचं होतं?'
'बाग.'
'मग लिहायचं कशाला? उघडंच आहे की दार.'
आणि ब्रश खिशात खोचून बाहेर गेला.

पाटी तशीच लावलीय.
अर्धी. कमरेच्या उंचीवर.